ड्रिलमध्ये कोणी मरत नाही

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मांजरी रस्त्यावरच्या एका लॉन्सची लोखंडी कमान वाऱ्यानं कोसळली. लग्नाचे पाहुणे त्या वेळी कमानीखालून आत येत होते. वीस-पंचवीस जण जखमी झाले. वधूचे मामा मारुतराव यांना रुग्णालयात आणलं तेव्हाच ते मृत होते. त्यांच्या पत्नी इंदूबाई त्याच रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये, नवऱ्याचा फेटा मांडीवर घेऊन, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नवरा गेल्याचं त्यांना दुपार कलल्यावर कळलं. रुग्णालयानं ते त्यांना सांगितलं नव्हतं.

हे रुग्णालय शहराच्या पूर्वेला आहे, धर्मादाय आहे आणि सामूहिक अपघातासाठी सज्ज आहे. सज्ज असल्याचं मी म्हणत नाही, पोर्चमध्ये फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र म्हणतं. त्यावर निरीक्षक म्हणून दोन सह्या आहेत. त्यांतली एक माझी.

या अंकाच्या संपादकांनी लेख मागताना फोनवर एक सूचना केली. "विषय तुमचाच घ्या, पण सणाचा अंक आहे. मरणबिरण फार नको." या सूचनेशी माझा जुना परिचय आहे. माझ्या कामातल्या बहुतेक अडचणी याच एका वाक्यातून निघाल्या आहेत, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही.

मी मूळचा वर्तमानपत्रातला. शहरात कुठं काही पडलं, पेटलं किंवा उलटलं की रुग्णालयांना फोन लावून आकडे विचारायचे, हे काम. किती दाखल, किती गंभीर, किती गेले. पलीकडचा माणूस पहिले दोन आकडे देत असे आणि तिसऱ्याला म्हणे, साहेबांना विचारा. साहेब म्हणत, पोलिसांना विचारा. पोलीस म्हणत, डॉक्टर जाहीर करतील. आमची आवृत्ती बंद झाली तेव्हा रुग्णालयांना आपत्तीसाठी तयार करणाऱ्या एका छोट्या संस्थेला लिहिता येणारा माणूस हवा होता. डॉक्टर त्यांच्याकडे होते. घडलेलं घडलं तसं लिहून देणारा कोणी नव्हता. तो का नव्हता, हे पुढे कळत गेलं.

काम काय असतं ते बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. एकाच वेळी तीस-चाळीस जखमी दारात आले तर रुग्णालय रोजच्या पद्धतीनं चालत नाही. रोज जो आधी आला त्याला आधी बघतात. त्या दिवशी, ज्याला आत्ता बघितलं तरच वाचेल त्याला आधी बघायचं असतं. म्हणून एक अनुभवी डॉक्टर दारातच उभा राहतो आणि प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत कार्ड अडकवतो. लाल म्हणजे ताबडतोब. पिवळं म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल. हिरवं म्हणजे चालता-बोलता आहे, बाजूला बसवा. काळं म्हणजे मृत. जो मोठ्यानं ओरडतो तो बहुधा हिरवा असतो, कारण ओरडायला श्वास लागतो. धावायचं ते गप्प पडलेल्याकडे. शिवाय हिरवे सगळ्यांत आधी पोचतात. ते मिळेल त्या गाडीत बसून येतात आणि खाटा अडवतात. लाल मागून येतात आणि त्यांना जागा नसते.

बाकीची तयारी म्हणजे मुख्यतः दारं, कुलपं, लिफ्ट आणि फोन. स्ट्रेचर कुठून आत जाणार, कुठून बाहेर येणार. रविवारी रक्तपेढीच्या माणसाला घरून कोण घेऊन येणार. आधीच्या रुग्णांना कुठं हलवणार. यात शौर्य नाही, त्यामुळे हे कोणाला आवडत नाही.

आवडतं ते ड्रिल. सरकारी कागदावर त्याला रंगीत तालीम म्हणतात आणि हा शब्द नेमका आहे. कुंकू आणि ग्लिसरीन कालवून जखमा रंगवतात. आदल्या दिवशी फरशी पुसतात. ज्या वॉर्डात गर्दीमुळे रोज दोन खाटांमध्ये गादी टाकावी लागते, तो वॉर्ड त्या सकाळी निम्मा रिकामा असतो. अपघात कळवूनच होतो.

हिंजवडीकडच्या एका चकचकीत रुग्णालयानं जखमी म्हणून शेजारच्या कंपनीतले अभियंते घेतले होते. निमंत्रणं कॅलेंडरवर गेली. बऱ्याच जणांनी जखमी होता येणार नाही, दुसरी मीटिंग आहे, असं कळवलं. मांडीचं हाड मोडलेला एक तरुण स्ट्रेचरवर लॅपटॉप उघडून बसला होता. डॉक्टरांनी नाडी बघायला हात धरला तेव्हा तो हळूच म्हणाला, "दोन मिनिटं सर, क्लायंट कॉल आहे. मी म्यूटवर आहे." त्याच्या गळ्यात लाल कार्ड होतं.

येरवड्याच्या बाजूला एका ठिकाणी प्रमुख पाहुणे येईपर्यंत अपघात थांबवून ठेवला होता. जखमींना डांबरी पटांगणात उन्हात झोपवलेलं. त्यांतली एक मुलगी खरोखर घेरी येऊन निपचित पडली. पाहुणे आले, तिच्यापाशी थांबले, अभिनयाचं कौतुक करून पुढे गेले. तिच्या गळ्यात हिरवं कार्ड होतं. ते कोणी बदललं नाही, कारण आराखड्यात ती हिरवी होती. शेवटी झाडूवाल्या मावशींनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. निरीक्षण-पत्रकात मावशींसाठी रकाना नव्हता.

या सगळ्या ड्रिलमध्ये एक गोष्ट समान होती. बस उलटल्या, गच्च्या कोसळल्या, टाक्या फुटल्या, पण कोणी मेलं नाही. टाळ्या झाल्या, सामुदायिक फोटो झाला आणि जखमींनी उपमा खाल्ला.

कारण साधं आहे. काळं कार्ड कोणी गळ्यात घालून घेत नाही. जखमी बहुधा नर्सिंगच्या विद्यार्थिनी असतात. एकीला काळं कार्ड दिलं तर तिच्या वडिलांचा प्राचार्यांना फोन आला, "आम्ही मुलीसाठी स्थळं बघतोय आणि आपण तिला मयत दाखवता?" मग ते कार्ड सुरक्षारक्षकाला दिलं. तो म्हणाला, कालच माझा वाढदिवस झाला. वॉर्डबॉयला दिलं. तो सही करून जेवायला गेला तो परत आला नाही. माणसं उलटलेल्या बसखाली चिरडून घ्यायला तयार होती. मरायला तयार नव्हती.

या पूर्वेकडच्या रुग्णालयात, अपघाताच्या आधीच्या हिवाळ्यात, मला पहिल्यांदा मृत मिळाला. समोरच्या बेकरीचे मालक सलीमभाई. घराणं तीन-चार पिढ्यांपासून पुण्यातलं. रुग्णालयाच्या कँटीनला पाव आणि खारी त्यांच्याकडूनच जाते. त्या सकाळी ते माल द्यायला आले होते आणि काळं कार्ड हातात घेऊन गिऱ्हाईक शोधणारा मी त्यांच्या वाटेत उभा होतो.

"काय करायचं असतं यात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, काही नाही, नुसतं पडून राहायचं.

"मग द्या इकडं. घरचे म्हणतात मला तेवढंच जमतं."

सलीमभाई चांगले मेले. पोर्चमध्ये सतरंजीवर डोळे मिटून पडले. दारातल्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणे श्वास बघितला, नाडी बघितली, काळं कार्ड अडकवलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. तेवढ्यात विश्वस्त मंडळाचे कार्याध्यक्ष आले. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांनी आयुष्यभर हे रुग्णालय उभं केलं, त्यासाठी दारोदार हिंडले, हे खरं आहे आणि नोंदवलं पाहिजे. ते सलीमभाईंच्या पायापाशी थांबले.

"हे कोण?"

"मृत आहेत," मी म्हणालो.

"आपल्या रुग्णालयात?"

"अपघातात, अप्पा. इथं नुसतं आणलं."

"आणलं ना इथंच. पाहुणे येताहेत आणि दारात आपण मयत मांडून ठेवलंय. हे बरं दिसत नाही. यांना पिवळं द्या."

मी म्हणालो की मृतांचं काय करायचं, कुठं ठेवायचं, घरच्यांना कोणी आणि कसं सांगायचं, हाही तयारीचाच भाग आहे. अप्पा म्हणाले, "वेळ येईल तेव्हा सांगू हो. त्याची तालीम कशाला? अभद्र." वैद्यकीय अधीक्षक डॉ. केतकर शेजारी उभे होते. उत्तम सर्जन, अबोल माणूस. 

सलीमभाईंना पिवळं कार्ड मिळालं. ते डोळे न उघडता म्हणाले, "अप्पा, जिवंत केलंत, आभारी आहे. आता घरी कुणाला तरी कळवा, ते तयारीला लागले असतील."

आराखडा अंतिम करताना मंडळानं काळा रकाना काढून टाकायला सांगितलं. मी तो राहावा म्हणून दोन पत्रं लिहिली. तडजोड झाली. रकाना राहिला, "मृत" हा शब्द गेला. पोर्चमध्ये लावायच्या मोठ्या फलकावर चार रकाने छापले गेले: लाल, पिवळा, हिरवा, इतर. मृतांच्या नातेवाइकांना कोण सांगणार, या मुद्द्यापुढे "परिस्थितीनुसार" असं लिहिलं गेलं. या आराखड्यावर प्रमाणपत्र मिळालं.

मग मे महिन्यातला तो रविवार आला. पुढचं सगळं मी अपघातानंतरच्या अहवालासाठी तिथल्या माणसांना एकेक करून विचारून लिहिलं आहे. ज्याला दोन जणांचा दुजोरा नाही ते सोडलं आहे.

सगळ्यांत आधी पोचली ती नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी. तिच्यात तीन हिरवे होते. पाठोपाठ बँडवाल्यांचा टेम्पो, मग पाहुण्यांच्या मोटारी. रुग्णालय जागं झालं आणि आराखड्याप्रमाणे चाललं. मागचं दार उघडलं. लिफ्ट अडवून ठेवली. हिरव्यांना फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये बसवलं. रक्तपेढीचा माणूस घरून आला. डॉ. केतकर स्वतः शस्त्रक्रियागृहात उभे राहिले आणि दोन लाल कार्डवाल्यांचे जीव त्या दिवशी वाचले. माझ्या व्यवसायात समाधानाचे प्रसंग थोडे असतात, त्यांतला हा एक. ज्याची ज्याची तालीम झाली होती ते ते बरोबर झालं.

जखमींपेक्षा नातेवाईक पुष्कळ होते, आणि ते दोन पक्षांचे होते. वराच्या आत्याबाईंचा घोटा मुरगळला होता. वरपक्षातले एक गृहस्थ दारातल्या डॉक्टरांना बजावत होते की आम्ही मुलाकडचे आहोत, आम्हाला आधी घ्या. दारात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या कार्डं दाखवून म्हणाल्या, "काका, रंग चारच आहेत. मुलाकडच्यांसाठी वेगळा नाही." आत्याबाई हिरव्या हॉलमध्ये गेल्या आणि तिथं मुलीकडच्यांनी त्यांना खुर्ची दिली.

मारुतराव आले केटररच्या टेम्पोतून, पातेल्यांच्या मधल्या जागेत आडवे. डॉक्टरीणबाईंनी श्वास बघितला, नाडी बघितली, पुन्हा बघितली आणि काळं कार्ड घातलं. त्यांनी ड्रिलमध्ये काळं कार्ड घातलेलं पाहिलं नव्हतं, ही त्यांची पहिली वेळ. स्ट्रेचर पॅसेजच्या टोकाच्या बंद खोलीत नेलं. फलकावर कोणीतरी "इतर" खाली एकचा आकडा लिहिला.

इंदूबाई मागच्या मोटारीतून आल्या. त्यांचा आणि मारुतरावांचा मांजरीला थोडा ऊस आणि भाजीपाला आहे. मामा म्हणून नवऱ्यानं भाचीला बोहल्यावर आणायचं होतं. त्यासाठी नवा फेटा बांधून घेतला होता. कमान पडली तेव्हा तो बाजूला उडाला आणि चुरगळला नाही. त्या तोच घेऊन आल्या. त्यांना पॅसेजमधल्या खुर्चीवर बसवलं. समोर पोर्चमधला फलक दिसत होता.

त्यांनी पहिल्या नर्सला विचारलं. "आत आहेत, मावशी." दुसरीला विचारलं. "डॉक्टर बघताहेत." तिसरीला त्यांनी फलकाकडे बोट दाखवून विचारलं, इतर म्हंजी काय? नर्स म्हणाली, "म्हणजे... बाकीचे." या तिन्ही नर्स मला भेटल्या. तिघींना माहीत होतं. तिघींना वाटलं की सांगायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी आहे, आणि आराखडा बघितला तर त्यांचं चूक नव्हतं.

याच सुमारास वधूचे वडील तात्या आले. मारुतराव त्यांचे मेहुणे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं.  तात्यांनी हात जोडले. त्यांचं म्हणणं असं की मुहूर्त टळलेला नाही. मुलगी लॉन्सच्या आतल्या हॉलमध्ये तयार बसली आहे. मामा गेल्याचं कळलं तर सुतक येईल, लग्न थांबेल, एकदा थांबलेलं लग्न परत उभं राहत नाही, आणि पोरीच्या माथी कायमचा बोल लागेल. "अक्षता पडू द्या," ते म्हणाले. "मग जाहीर करा. आमच्या घरातलंच मरण आहे, आम्हीच विनंती करतोय."

डॉक्टरीणबाईंनी आत निरोप पाठवला. डॉ. केतकर दुसऱ्या शस्त्रक्रियेत होते. त्यांनी अप्पांना विचारा म्हणून सांगितलं. अप्पा फोनवर म्हणाले की नातेवाईकच म्हणताहेत तर आपण मध्ये पडणारे कोण. रुग्णालयाच्या दृष्टीनं प्रश्न मिटला. मृताची पत्नीही नातेवाईक असते, हा मुद्दा त्या वेळी कोणी मांडल्याचं आढळलं नाही.

लग्न लागलं. इंदूबाईंच्या शेजारी बसलेल्या एका पुतण्याच्या मोबाईलवर मंगलाष्टकं चालू झाली आणि त्यानं भाबडेपणानं त्यांना दाखवली. भाचीच्या मागे मामा म्हणून दुसरेच एक गृहस्थ उभे होते. इंदूबाईंनी मोबाईल परत दिला. मला त्या नंतर म्हणाल्या, "दुसरा मामा हुभा केला, तवाच कळाय पायजे व्हतं. पर मानूस म्हंतो, आत हाय म्हनत्यात, आसंल आत."

अक्षता पडल्यावर तात्या परत आले नाहीत. पाहुण्यांची जेवणं होती. जाहीर करायचं तर कोणी, हे ठरलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंची ड्युटी संपली होती. दुपार कलल्यावर पोलीस चौकीतले हवालदार पंचनाम्यासाठी आले. त्यांना सही हवी होती. ते पॅसेजच्या मध्यावर उभे राहून हातातल्या कागदावरून मोठ्यानं म्हणाले, "मयत मारुती लक्ष्मण, यांचं कोण आहे?"

इंदूबाईंनी हात वर केला.

या भागाचा अहवाल मी मंडळापुढे ठेवला तेव्हा मागण्या चार होत्या. फलकावर मृत हा शब्द लिहावा. सांगण्याचं काम एका नेमलेल्या माणसाकडे असावं. ते बसून, नाव घेऊन, साध्या शब्दांत सांगावं. आणि ड्रिलमध्ये मृत असावेत. अप्पांनी अहवाल पूर्ण वाचला होता. त्यांचा चेहरा उतरला होता, हेही नोंदवतो. पण सवय मोडत नाही. मी ड्रिलमध्ये तीन मृत मागितले होते. ते म्हणाले, तीन फार होतात. मी दोन म्हणालो. शेवटी एकावर मिटलं. भाजीच्या गाड्यावर याहून लवकर मिटतं.

सांगण्याचं काम डॉ. केतकरांनी स्वतःकडे मागून घेतलं. बैठक संपल्यावर ते मला जिन्यात म्हणाले, "माणसाचं पोट उघडताना माझा हात हलत नाही. त्या खुर्चीपर्यंत मात्र मी आयुष्यभर ज्युनिअरला पाठवलंय." पुढचे काही आठवडे ते एक वाक्य पाठ करत होते. त्यात "आम्ही शर्थ केली" नव्हतं, "देवाच्या मनात" नव्हतं. मृत्यू हा शब्द होता.

अहवालासाठी मी मांजरीला गेलो होतो तेव्हा निघताना इंदूबाईंनी विचारलं होतं, परत असली तालीम करणार का. मी हो म्हणालो.

"मग मला बोलवा. म्या बसते त्या खुर्चीवर."

मी म्हणालो, आपल्याला त्रास होईल.

"व्हायचा त्यो झाला. कुनी येऊन सांगतंय का, येवढं बघायचंय."

हे मी मंडळाला कळवलं. अप्पा म्हणाले, बाईंचा मान आहे, येऊ द्या.

ड्रिल यंदा जूनमध्ये झालं. मृत म्हणून सलीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, "मागच्या वेळी अर्धवट राहिलं होतं, या वेळी पूर्ण करू." फलकावर "मृत" हा शब्द होता. अक्षरांचा रंग नवा होता. अप्पांनी सकाळीच तो वाचला आणि तसाच राहू दिला. इंदूबाई वेळेवर आल्या. जुनी प्लास्टिकची खुर्ची जाऊन पॅसेजमध्ये जोडखुर्च्या आल्या होत्या. त्या मधल्या खुर्चीवर बसल्या. हातात काही नव्हतं.

प्रमुख पाहुणे, एक लोकप्रतिनिधी, या वेळी लवकर आले, कारण त्यांना पुढे दुसरीकडे उद्घाटन होतं. बस उलटली. जखमी आले. कार्डं बरोबर पडली. सलीमभाईंना काळं कार्ड मिळालं आणि स्ट्रेचरवरून टोकाच्या खोलीत नेलं. दार उघडं होतं. डॉ. केतकरांनी त्यांना तपासलं, वेळ लिहिली, हात धुतले आणि ते पॅसेजकडे वळले. मी खोलीच्या दाराशी पत्रक घेऊन उभा होतो. त्यांचे ओठ हलत होते.

ते पॅसेजच्या अर्ध्यावर असताना ध्वनिक्षेपकावर अप्पांचा आवाज आला. ड्रिल यशस्वी झालं आहे. पाहुण्यांना निघायचं आहे. सर्वांनी फोटोसाठी पोर्चमध्ये यावं, जखमींनीही यावं. डॉ. केतकर थांबले. मागून एक विश्वस्त आले, त्यांनी त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "चला डॉक्टर, आपल्याशिवाय कसा होणार? बाईंना काय, नंतर सांगू." डॉ. केतकरांनी एकदा खुर्चीकडे बघितलं आणि ते पोर्चकडे गेले.

पॅसेज रिकामा झाला. इंदूबाई बसून होत्या.

सलीमभाई स्ट्रेचरवर उठून बसले. चादरीची घडी केली, उशाशी ठेवली. काळं कार्ड गळ्यातच होतं. ते चालत आले आणि इंदूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा माणूस मेला. इथं आणला तेव्हाच मेलेला होता. तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

इंदूबाईंनी मान हलवली. मग विचारलं, "तरास झाला का त्यास्नी?"

"मला माहीत नाही, ताई. डॉक्टरांना विचारावं लागेल. मी बसतो तोवर."

"बसा."

फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. त्यात विश्वस्त, अधीक्षक, प्रमुख पाहुणे आणि सर्व जखमी आहेत. काळं कार्ड घातलेला माणूस त्यात नाही.